जोडपत्र ‘क’ आणि सत्यशीलाची खानावळ

रविवारी खानावळ बंद असायची. पण त्या रविवारी सत्यशीलानं सकाळी सातलाच दोन्ही शेगड्या पेटवल्या. सोमवारी जमिनीच्या कराराची रजिस्ट्री होती आणि त्याआधी घरच्या सगळ्यांनी एकदा बसून अख्खा कागद ऐकायचा, असं तिच्या सासऱ्यानं, मुंजाबानं ठरवलं होतं. धाकट्या दिराचं, भारतचं घर मागंच होतं आणि त्यात सोफे होते. पण सोफ्यावर बसलं की म्हाताऱ्याला झोप लागायची, म्हणून बैठक खानावळीतल्या बाकांवर.

नणंद ज्ञानेश्वरी सिल्लोडहून पहिल्या गाडीनं आली, काखेत हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंडी घेऊन. तिनं पेंडी टेबलावर आपटली आणि बसता बसता म्हणाली, “सत्यशीला, आज तू बस गं. वाढायला आम्हाला हात आहेत.”

“बसते, आक्का. भाकरी संपल्या की.”

ज्ञानेश्वरीला हसू आलं. ह्या बाईच्या भाकरी बावीस वर्षांत कधी संपल्या नव्हत्या. नवरा, बिभीषण, काविळीनं गेला तेव्हा मेघा पाच वर्षांची होती. सत्यशीलानं सासऱ्याकडं रस्त्याकडच्या कोपऱ्याची जागा मागितली, चार पत्रे टाकले, आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पोरांना जेवू घालायला सुरुवात केली. तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या. आता गाड्यांची शोरूम होती, दवाखाना होता, आणि मुंजाबाचे छत्तीस गुंठे त्या सगळ्यांच्या मधे दात पडल्यासारखे मोकळे दिसत होते.

त्या छत्तीस गुंठ्यांवर सात मजले उठणार होते. खाली दुकानांचे गाळे, मधे चार मजले हॉटेल, वरच्या दोन मजल्यांवर फ्लॅट. विमानतळ जवळ, अजिंठ्याचा रस्ता जवळ. जमीन मुंजाबाची, बांधायचा पैसा बिल्डर देवेशचा, आणि तयार इमारत दोघांत वाटून. देवेश म्हणाला होता, अशी जागा शहरात दुसरी उरली नाही. गेली दोन वर्षं भारत ह्याच्या मागं होता.

वकील होती सई. तिचे वडील श्रीनिवासराव रजिस्ट्री कचेरीबाहेर दस्त लिहायचे. मुंजाबा देवगाव रंगारीकडून मेंढरं घेऊन इथं उतरायचा, आणि शेवटी कळपातली अर्धी मेंढरं विकून त्यानं हेच बरड घेतलं, तेव्हा खरेदीखत श्रीनिवासरावांनीच लिहिलं होतं. आता ते घरी असत, पण मुंजाबाचा विश्वास त्या घरातून हलला नव्हता. मुलीकडं आला होता.

“वाच सईबाई,” मुंजाबा म्हणाला. “अन् वाचून झालं की मराठीत सांग.”

“मराठीतच आहे, आबा.”

“कागदातली मराठी नको. बोलायची.”

सईनं चष्मा वर केला. “इमारत एक, पण आत तीन संसार राहणार. दुकानं, हॉटेल, फ्लॅट. लिफ्ट, जनरेटर, आग विझवायच्या पाण्याची टाकी, गाड्या लावायची जागा, हे सगळं सामाईक. पुढं भांडण होतं ते ह्याच्यावरूनच. म्हणून कोणती वस्तू कोणाची अन् कोणती सगळ्यांची, हे आजच लिहून ठेवायचं.”

“तीन कळप, एक पाणवठा,” मुंजाबा म्हणाला.

“तेच. आणि पाणवठ्याची राखण कोणी करायची ते मसुद्यात नव्हतं. मी घालून घेतलंय. दुसरं, देवेश बांधकामासाठी बँकेकडं जाईल. तारण त्यानं त्याच्या मजल्यांचं द्यायचं. तुमच्या वाट्याला बँकेचा हात लागणार नाही.”

“हे चांगलं केलंस.”

“तिसरं, मजले देवेशचे असले तरी हॉटेल तो चालवणार नाही. बंगळूरची एक कंपनी चालवणार, वीस वर्षांच्या करारानं. ती गेली तर पाटी घेऊन जाईल. म्हणून वरच्या फ्लॅटना तिचं नाव लावायचं नाही. उद्या पाटी उतरली तर तुम्ही बिननावाच्या घरात राहाल.”

ज्ञानेश्वरी घाटे सोलत होती. “माझं एक इचारणं आहे. आपले देवगावचे पाहुणे टेम्पोत बसून येतात. हॉटेलच्या दारातला तो फेटेवाला त्यांना आत सोडील का?”

सगळे हसले. भारत सगळ्यांत मोठ्यानं हसला. सत्यशीलानं तव्यावरून मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. भारत असा हसायचा तेव्हा त्याला काहीतरी पुढं ढकलायचं असायचं.

“फ्लॅटचं फाटक वेगळं आहे, आत्या,” सई म्हणाली. “आता शेवटची जोडपत्रं. काल संध्याकाळी देवेशच्या ऑफिसातून आली.” तिनं पानं उलटली. मग ती थांबली, आणि एक पान दुसऱ्यांदा वाचलं.

“काय झालं?” मुंजाबानं विचारलं.

“जोडपत्र ‘क’, कलम सात. तळमजल्यावरच्या कोणत्याही गाळ्यात उपाहारगृह, खानावळ, चहा-नाश्त्याचं दुकान किंवा शिजवलेलं अन्न विकण्याचा कोणताही धंदा करता येणार नाही. हा हक्क फक्त हॉटेल चालवणाऱ्या कंपनीचा राहील. वीस वर्षं.”

तव्यावरची भाकरी फुगली. सत्यशीलानं ती उलथन्यानं काढली, टोपलीत ठेवली, शेगडी बारीक केली. भारत फोनकडं बघत होता. फोनचा पडदा काळा होता.

“तुम्हाला म्हाईत होतं का, भावजी?” तिनं विचारलं.

भारतनं फोन टेबलावर पालथा ठेवला. तेच उत्तर होतं.

*

भारतला माहीत होतं. गेल्या पावसाळ्यापासून माहीत होतं.

कंपनीची एक बाई जागा बघायला आली होती. उन्हाचा दिवस होता. भारत तिला सगळं दाखवत खानावळीपाशी आला, तर वहिनीनं लगबगीनं बाहेर येऊन तांब्या-पेला पुढं केला. बाईनं पाणी घेतलं, हसून आभार मानले. वहिनी आत गेल्यावर तिनं हिंदीत विचारलं, हे राहणार का? हॉटेलच्या कमानीसमोर धूर, वास, दुचाक्यांची गर्दी, असं असलं तर आमची कंपनी येत नाही.

आणि भारत म्हणाला होता, नाही राहणार.

एवढंच. वहिनीनं दिलेला पेला त्या बाईच्या हातात होता आणि तो नाही म्हणाला. घरी आल्यावर त्यानं स्वतःला पुष्कळ समजावलं. वहिनीला दोन गाळ्यांचं भाडं मिळेल, फ्लॅट मिळेल, चुलीपुढून सुटका होईल. सगळं खरं होतं. तरी सांगायला गेला की तोंडात शब्द फिरायचे आणि तो जेवून परत यायचा.

“अरे, बोल ना,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “तुझ्या भावाच्या बायकोचं पोट ज्याच्यावर चाललं ते तू एका ओळीत पुसतोस?”

“आक्का, पोट आता त्याच्यावर नाही. गाळ्याचं भाडं येईल. ही कंपनी गेली तर दुसरी येत नाही. देवेशभाऊला बँक उभं करत नाही. मग हे बरड आहे तसं बरडच. आबांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहावं, एवढंच माझं.”

“माझ्या डोळ्यांचं निमित्त करू नको,” मुंजाबा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “इचारलं का नाय तिला?”

भारतनं टेबलावरचा एक घाटा उचलून परत ठेवला. दोन वर्षं तो ह्या घरात एकटाच धावत होता, असं त्याला वाटायचं. आज पहिल्यांदा वाटलं की एकटा धावला तो कुणाला सोबत घ्यायचं नव्हतं म्हणून.

“काकांना एकट्यांना बोलू नका,” कोपऱ्यातून मेघा म्हणाली. ती आतापर्यंत बोललीच नव्हती. “मला पण माहीत होतं. आईला मी सांगते, असं मीच त्यांना म्हणाले होते.”

सत्यशीलानं लेकीकडं बघितलं. मग पाण्याची कळशी उचलून ती मागच्या मोरीकडं गेली.

*

मेघा तिच्या मागं गेली तेव्हा आई भांडी घासत होती. घासायला काही नव्हतं. सकाळीच घासलेली भांडी ती पुन्हा घासत होती.

मेघानं हॉटेल मॅनेजमेंट केलं होतं आणि जालना रोडवरच्या एका हॉटेलात ती स्वागतकक्षाची कामं बघत होती. दिवसभर परक्या माणसांची गाऱ्हाणी ती हसत ऐकायची. इथं तिला पहिलं वाक्य सुचेना.

“तुझे गुडघे बघवत नाहीत मला,” ती शेवटी म्हणाली. “पहाटे चारला उठतेस. वाटलं, कंपनीनंच नाही म्हटलं तर तू थांबशील. माझ्यामुळं नाही, कागदामुळं.”

“मला थांबवायचं होतं तर माझ्यासमोर म्हणायचं, आई, थांब. मी भांडले असते, रडले असते. मग थांबलेबी असते, कुणाला ठावं.” सत्यशीलानं पातेलं उपडं ठेवलं. “पण माझ्या पाठीमागं कलम घालून नाय, पोरी.”

“चुकलं माझं.”

“गुडघे माझे आहेत ना? त्यांचं कलम मी घालीन.”

मेघाला रडू येत होतं आणि हसूही. ती शेजारच्या दगडावर बसली. आईनं ओले हात लुगड्याला पुसले आणि ती मागच्या भिंतीकडं बघायला लागली.

“तुला भांडायचं नाही का?” मेघानं विचारलं.

“मला भाकरी करायची आहे. ती समोर कमानीतच करायची, असं माझं कधी म्हणणं होतं? जागा होती तिथं केली.” ती थांबली. “नकाशा आहे का तुझ्याकडं?”

मेघानं आतून नकाशा आणला. मोरीच्या कट्ट्यावर पसरला, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. सत्यशीलाला रेघा कळत नव्हत्या, पण जमीन पाठ होती. “हा रस्ता. हे आक्काचं लिंबाचं झाड, ते राहत नाय म्हणा. मग ही मागची गल्ली, स्टेशनाकडची. इथं काय काढलंय?”

“सामान उतरवायची जागा. ही कचऱ्याची खोली. ही बिल्डरच्या वाट्याची गोदामाची खोली.”

“दार कुणीकडं?”

“गल्लीत.”

“माझी माणसं गल्लीतूनच येतात. गाडीतून उतरली की मुकुंदवाडी स्टेशनावरनं सरळ मागून येतात अन् वळसा घालून पुढं. बावीस वर्षं वळसाच घालतायत बिचारी.”

मेघा नकाशावर वाकली. आता ती लेक नव्हती. नोकरीतली मेघा जागी झाली होती. गोदामाच्या वर लिफ्टची आंधळी भिंत होती. त्या बाजूला हॉटेलच्या एकाही खोलीची खिडकी नव्हती. कमान दुसऱ्या तोंडाला. कंपनीला भीती धुराची, वासाची आणि पुढच्या गर्दीची. ह्या तिन्हींतलं इथं काहीच नव्हतं, धुरांडं वेगळं करून गच्चीवर नेलं तर.

“आई, त्यांना अन्नाची भीती नाही. त्यांच्या गिऱ्हाइकाला तुझी गर्दी दिसू नये, आणि त्यांचं गिऱ्हाईक तुझ्याकडं जेवायला जाऊ नये, एवढंच आहे. तुझी माणसं त्यांच्या पाटीखाली कधी जेवणारच नाहीत. बंदी गाळ्यांना राहू दे. फक्त ही एक खोली त्यातून वगळायची. धुरांडं स्वतंत्र, सांडपाण्याला तेल अडवायची टाकी, पुढच्या रस्त्यावर बोर्ड नाही. ह्या अटी आपणच आधी लिहून द्यायच्या. त्यांनी मागायच्या आधी.”

ती पेन शोधायला लागली. सत्यशीला तिच्याकडं बघत होती.

“हे सगळं तुला येतं?”

“हेच तर शिकलेय मी. चार वर्षं.”

“मला वाटलं तू नुसतं पाहुण्यांना नमस्कार करायला शिकलीस.” सत्यशीलानं तिच्या केसांतला हरभऱ्याचा पाला काढला. “लिही. मी भाकरी बघते.”

*

देवेश पाचच्या सुमाराला आला. चाळिशीचा माणूस, बोलायला सरळ. येताना पेढे घेऊन आला होता, उद्याच्या सहीचे. दारातच त्याला कळलं की पेढ्यांची वेळ नाही. मुंजाबानं त्याला आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, येसर आमटी, कांदा. माणूस भुकेला असताना त्याच्याशी व्यवहार करू नये, हे मुंजाबा मेंढरांच्या बाजारात शिकला होता. उपाशी माणूस एक तर फार लवकर हो म्हणतो, नाही तर फार लवकर नाही.

देवेशनं दुसऱ्यांदा आमटी घेतल्यावर मेघानं कागद पुढं ठेवला. त्यानं तो खाता खाता वाचला, मग हात धुऊन पुन्हा वाचला.

“खोली माझ्या वाट्याची आहे,” तो म्हणाला. “आणि कंपनी हो म्हणेल, असा शब्द मी देऊ शकत नाही. खोटं कशाला बोलू, आबा? शहरात त्यांना अजून दोन जागा दाखवल्या गेल्यात. उद्याची तारीख गेली तर ते तिकडं जाऊ शकतात.”

“जाऊ शकतात,” मुंजाबा म्हणाला. “अन् राहूबी शकतात.”

“माझी सही उद्या नाही,” ज्ञानेश्वरी मधेच म्हणाली. देवेशच्या बँकेला मुंजाबाच्या हयात असलेल्या दोन्ही लेकरांची संमती हवी होती, भारतची आणि तिची. “सत्यशीलाचं मिटल्याशिवाय नाही.”

“आक्का, तू तर वरचा फ्लॅट मागितला होतास,” भारत म्हणाला. “सगळ्यांत आधी हो तूच म्हणालीस.”

“म्हणाले. तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं. आता जास्त कळलंय तर जास्त मागते.”

मुंजाबा आपल्या लेकराकडं बघत होता. भारतचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. दोन वर्षं हा पोरगा ऑफिसांचे जिने चढला, वजन उतरलं त्याचं. त्याला रागवावं असं म्हाताऱ्याला वाटेना. आणि त्याची बाजूही घेता येईना.

भारत उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

“देवेशभाऊ, ती खोली वहिनीला द्या. बदल्यात माझा कोपऱ्यावरचा गाळा घ्या, रस्त्याकडचा.”

“तो तर तुम्ही प्रणयसाठी ठेवलाय,” देवेश म्हणाला. प्रणय भारतचा मुलगा, पुण्यात शिकत होता. त्या गाळ्यात काय टाकायचं, ह्यावर बापलेकांचं तासन्‌तास फोनवर बोलणं चाले.

“प्रणयला सांगीन मी. सांगायचं असतं, एवढं तर आज शिकलो.”

सत्यशीला म्हणाली, “भावजी, गाळा नका देऊ. मी दुसरं बघीन काही.”

“वहिनी, तुम्ही वाढलेलं मी कधी परत केलं नाय. हे तुम्हीबी परत करू नका.”

ज्ञानेश्वरीनं उगाच घाट्यांची टरफलं गोळा केली.

सईनं घसा साफ केला. “अजून एक आहे. सांगणं भाग आहे. उद्या कंपनी हो म्हणाली, कलम बदललं, खोली आली, तरी ती वहिनींची होत नाही. जमीन आबांनी स्वतः घेतलेली, एकट्यांच्या नावावर. करारात लिहून देणार म्हणून फक्त आबा आहेत. वहिनींचं नाव अख्ख्या कागदात कुठंच नाही.”

“नाव नाय?” मुंजाबानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. “मी तिला दिलीय की ती जागा. बिभीषण गेला तेव्हाच. तिनं मागितली, मी दिली म्हणालो. सगळ्यांसमोर.”

“शब्दानं दिलीत, आबा.”

“माझा शब्द खोटा हाय का?”

“खरा आहे. पण तो तुमच्याबरोबर जाईल.”

हे वाक्य श्रीनिवासरावही असंच म्हणाले असते, असं मुंजाबाला वाटलं. डोळ्यांत बघून, आवाज खाली ठेवून. तो काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला. बिभीषण गेल्यावर बाराव्याला व्याही सुनेला न्यायला आले होते. तिनं जाणार नाही म्हणून सांगितलं आणि सासऱ्याकडं काय मागितलं, तर दहा पावलांचा एक कोपरा. आपण मोठ्या मनानं दिला, असं तो इतकी वर्षं समजत होता. दिलंच नव्हतं. नुसतं वापरू दिलं होतं.

“मग काय करायचं सांग.”

“बक्षीसपत्र. खानावळ आणि वहिनी राहतात त्या मागच्या दोन खोल्या, त्यांच्या खालच्या जमिनीसकट. सासऱ्यानं मयत मुलाच्या बायकोला द्यायचं, कायद्याला हे नातं ठाऊक आहे. ते आधी नोंदवू. मग करारात लिहून देणार दोघं होतील. तुम्ही आणि त्या. नव्या इमारतीत त्यांच्या वाट्याला जे येईल ते त्यांच्या नावानं येईल.”

मुंजाबानं लेकाकडं आणि लेकीकडं पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

“उशीर केलात, आबा,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “एवढंच म्हणणं.”

भारतनं मान हलवली. देवेश उठला, पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर ठेवला. “उद्याची वेळ मी रद्द करतो. कंपनीला पत्र टाकतो. उत्तराला तीन आठवडे धरा.” दारात तो वळला. “आमटी फार चांगली होती. हे मी पत्रात लिहिणार नाही. नाही तर घाबरतील.”

*

उत्तराला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत भारत रोज खानावळीत जेवला आणि करार हा शब्द त्यानं एकदाही काढला नाही. सत्यशीलाही बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या ताटात न विचारता ठेचा वाढला, आणि त्यानं तो न विचारता खाल्ला. प्रणयनं दोन दिवस बापाचा फोन घेतला नाही. मग स्वतःच काकूला फोन करून म्हणाला, तुमच्या खोलीला नाव काय देताय, बोर्डाचं डिझाइन मी करतो.

कंपनीनं खोली वगळायचं कबूल केलं, आणि देवेशनं भारतच्या गाळ्याच्या बदल्यात ती सत्यशीलाच्या वाट्याला लिहिली. मेघाच्या तिन्ही अटी तशाच घेतल्या आणि एक वाढवली, सकाळी सातच्या आत खानावळ उघडायची नाही. ह्यावर सत्यशीला अडून बसली. पहिल्या पाळीची पोरं साडेपाचला येतात, त्यांना उपाशी कारखान्यात पाठवून ती सातला कुणाला वाढणार? सईनं पत्र लिहिलं, मेघानं हॉटेलच्या भाषेत दुरुस्त केलं, देवेशनं बंगळूरला दोन फोन केले. साडेपाच मंजूर झालं. अट एवढीच, गल्लीत सातपर्यंत हॉर्न नाही. देवेशची माणसं म्हणाली, हॉर्नचं कसं सांभाळणार? सत्यशीला म्हणाली, हॉर्न वाजवला त्याला भाकरी नाय. सईनं ते कलमात घातलं नाही, पण वाचून दाखवलं तेव्हा मुंजाबा बऱ्याच दिवसांनी मनमोकळा हसला.

बक्षीसपत्राची नोंदणी फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी होती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पंख्याखाली रांग होती. सत्यशीला लग्नातलं हिरवं लुगडं नेसून आली होती. मेघानं तिला दोनदा सांगितलं, की फोटो छोटा येतो आणि त्यात फक्त चेहरा दिसतो. तरी ती नेसली. मुंजाबानं नवं धोतर घेतलं होतं, ते चालताना खरखरत होतं.

मुंजाबाचा फोटो झाला, अंगठा झाला. सत्यशीला खुर्चीवर बसली, कॅमेऱ्याकडं बघायला सांगितलं तर कारकुनाकडंच बघत राहिली. मग तिचाही झाला. कारकुनानं दस्ताचं पान पुढं घेतलं. “ओळख पटवणारे कोण? दोघं लागतात.”

ज्ञानेश्वरी आणि भारत पुढं आले. आधी ज्ञानेश्वरीचं झालं. मग कारकुनानं भारतकडं मान वळवली. पन्नाशीचा माणूस, बोटं कीबोर्डवर, नजर पडद्यावर.

“घेणाऱ्यांना ओळखता?”

“व्हय. वहिनी माझी.”

“किती वर्षांपासून?”

भारतनं हिशोब करायला तोंड उघडलं आणि दुसरंच बोलून गेला. “मी दहावीला नापास झालो त्या वर्षी हिचं लग्न झालं. आबांनी मला घरात घेतलं नव्हतं. दिवसभर मी गोठ्यात बसलेलो. ही नवी नवरी, हातावरची मेंदी गेली नव्हती हिची. ताट घेऊन गोठ्यात आली अन् म्हणाली, भावजी, आधी जेवा, मग मार खायला जा.”

कारकुनाची बोटं थांबली होती. मागं रांगेतलं कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मुंजाबा भिंतीवरच्या सूचनाफलकाकडं फार लक्षपूर्वक बघायला लागला.

“वर्षं सांगा,” कारकून म्हणाला, पण मऊपणानं.

“पस्तीस.”

“चौतीस,” सत्यशीला खुर्चीवरून म्हणाली. “पस्तिसावं लागलंय.”

कारकुनानं चौतीस टाकलं. “अंगठा ठेवा.”

भारतनं अंगठा ठेवला. मशीननं ठसा घेतला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. अंगठा घामानं ओला झाला होता. सत्यशीलानं खुर्चीवरूनच पदराचं टोक पुढं केलं. भारतनं त्याला अंगठा पुसला आणि तिसऱ्यांदा काचेवर टेकवला.

“आला,” कारकून म्हणाला. “चला, पुढचे.”